तांदळाच्या डब्यातल्या सुऱ्या

शालनमावशी, खडकी. घरोघरी स्वयंपाकाचं काम. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

माझं माहेर खडकवासल्याच्या पलीकडं, धरणाच्या कडंला. आता तिथं सगळी फार्महाऊसं झालीत, तवा काय न्हवतं, आमचं पत्र्याचं घर आन् दारात एक जांभूळ. घरात धारेची वस्तू म्हंजे एक विळी, एक कोयता आन् आजोबांचा अडकित्ता, बास. सुरीबिरी आमच्यात न्हवती. विळीवर बसायचं, चिरायचं, आन् उठताना विळी आडवी करायची. उभी ठेवून कुणी उठलं की आई चुलीपासनंच ओरडायची, आडवी कर गं आधी, मग कुठं जायचं तिथं जा. आडवी केली की भिंतीला सारायची. घरातल्या बारक्या पोरालासुद्धा ठाऊक असायचं विळी कुठं हाय ते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण परवा तुम्ही मला विचारलंत, मावशी, सुऱ्या कुठं ठेवूयात, भिंतीला ती लोहचुंबकाची पट्टी लावू, का लाकडाचा ठोकळा आणू, का ड्रॉवरमध्येच असूद्यात. आन् मी म्हटलं तुमचं घर, तुम्ही ठरवा, आन् तोंड फिरवून कणीक मळाय लागले. तुम्हाला वाटलं असंल मावशीचं काय बिनसलं. बिनसलं न्हाई ताई, लाज वाटली. सुऱ्या कुठं ठेवायच्या हे माझ्याइतकं चुकीचं अख्ख्या पुण्यात कुणी ठरवलं नसंल, आन् तुम्ही मलाच विचारताय.

अठराव्या वर्षी लग्न होऊन खडकीला आले. एका ओळीत नऊ खोल्या, मधोमध नळ, आमची खोली शेवटून दुसरी. बाजूला गायकवाडवहिनी. आमचे हे चिंचवडला एका कारखान्यात, सकाळी खडकी स्टेशनवरनं गाडी पकडायचे. टूलरूममधे होते. म्हंजे काय तर मशीनवर लोखंड कापायला जी हत्यारं लागतात, ती कापून कापून बोथट झाली की ह्यांच्याकडं यायची, हे ग्राइंडरवर धरून त्यांना परत धार लावायचे. दिवसभर तेच. मला म्हणायचे, साहेब चुकला तर कारखाना चालतो, धारवाला चुकला तर अख्खी लाईन थांबती. खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना आत सोडायचे, मी वैशालीला कडंवर घेऊन गेले होते एकदा, ह्यांच्या ग्राइंडरला झेंडूची माळ, हळदीकुंकू, खाली पेढ्यांचं ताट, आन् हे बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मशीन ह्यांच्या मालकीचं असावं असे उभे होते.

लग्न झालं तवा एक गोष्ट बघितली मी. ह्यांच्या डाव्या हाताला मनगटाच्या जरा वर चार बोटं जागा अशी होती की तिथं एक केस न्हाई. बाकी हात केसाळ. मी विचारलं भाजलं होतं का हो. तर हसले. म्हणाले, अगं सुरीची धार बोटावर बघितली तर बोट जातं, हातावर बघायची, केस साफ निघाले की समजायचं लागली. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा ताई. मला ठाऊक होतं. पहिल्या महिन्यापासनं ठाऊक होतं, मागनं कुणी सांगितलं असं न्हाई.

आन् खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात जत्रा असायची बघा. नऊ खोल्यांच्या नऊ विळ्या, सुऱ्या, कुणाची कातर, कुणाचा अडकित्ता. नवमीला पुजायची म्हंजे आधी धार लावून, घासूनपुसून ठेवायची. हे नळापाशी फरशीवर बसायचे, पुढ्यात दगड, बाजूला तेलाची बाटली, आन् घास घास घास. गायकवाडवहिनी म्हणायच्या, भावजींनी धार लावली की कांद्याला कळतसुद्धा न्हाई आपल्याला चिरलं ते. एक पैसा घेतला न्हाई कुणाकडनं. बायका आपली एक वाटी खीर, दोन करंज्या असं काहीतरी आणून द्यायच्या. नवमीच्या दिवशी पाटावर सगळी हत्यारं मांडायची, फूल वाहायचं, त्या दिवशी काही चिरायचं न्हाई, आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायची. दुसरे कुठले सण ह्यांना माहीत नसायचे, विचारायचे आज काय हाय गं, पण नवमी कधी चुकली न्हाई.

मग ते दिवस आले, बाहेरच्या कंपन्या आल्या, कम्प्युटरवर चालणारी मशीनं आली. त्या मशीनला लावायला तयार टिपा यायला लागल्या, नखाएवढ्या, पिवळ्या. बोथट झाली की फेकायची, दुसरी लावायची. धार लावायचा प्रश्नच न्हाई. हे एक टीप रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले, माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाले, शालन, एवढीशी हाय पण मला खाणार ही. मी म्हटलं काहीतरीच तुमचं. वर्षभरात टूलरूम बंद केली, जुन्या लोकांना कागदावर सह्या घेऊन घरी बसवलं. वैशाली तवा सहावीला होती.

माणूस घरी बसला की घर बारीक होतं हो. एका खोलीत आम्ही तिघं. मी पाट ओढला तरी ह्यांच्या पायाला लागायचा. हे बोलायचे न्हाईत. बोलायचे ते असलं तिरकं, मी विचारलं चहा टाकू का, तर म्हणायचे, टाक, मला कुठं ड्युटीवर जायचंय. दोन-तीन महिने गेले आन् एक बातमी आली, ह्यांच्याच खात्यातल्या एका माणसानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. त्याच्या मातीला जाऊन आले आन् चार दिवस एक शब्द न्हाई. जेवले, झोपले, उठले. मी आपली ह्यांच्याकडं बघत राहायची. संडासला गेले तरी माझं लक्ष.

पाचव्या दिवशी दुपारी मी रेशन घेऊन आले. हे उंबऱ्यात बसलेले, माझ्याकडं पाठ. डाव्या हाताची बाही वर केलेली आन् उजव्या हातात आमची मोठी सुरी, ती मनगटावर धरलेली. काय सांगू तुम्हाला, माझ्या हातनं पिशवी सुटली, गहू सगळा दारात, मी झडप घालून सुरी ओढली, माझंच बोट कापलं, हे बघा, हा वण. हे माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, अगं, धार बघत होतो. बास, एवढंच म्हणाले. मी रडत होते, ओरडत होते, तुम्हाला माझं न्हाई तर त्या पोरीचं तरी काही वाटू द्या. सगळी ओळ बाहेर आली. त्यांच्या मांडीपाशी दगड होता, तेलाची बाटली होती, मी सगळं बघितलं. बघितलं आन् न बघितल्यासारखं केलं.

त्याच संध्याकाळी घरातल्या सुऱ्या गोळा केल्या, मोठी, बारकी, अडकित्ता, ह्यांची दाढीची पाती, आन् तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवल्या. डब्यात का, तर तांदळात हात मीच घालणार. विळी अंथरुणाच्या पेटीमागं. आता भाजी कुठं चिरायची, तर मी रोज भाजी पदराखाली घेऊन गायकवाडवहिनींच्या घरी जायला लागले. वहिनी विचारणारच ना. मी सांगितलं. सांगितलं ते सांगितलं, पण कसं सांगितलं, तर म्हटलं, ह्यांनी मनगटावर सुरी धरली होती, मी दोन मिनिटं उशिरा आले असते तर माझं कुंकू पुसलं असतं. धार बघत होते म्हणाले, हे न्हाई सांगितलं. हातावरच्या त्या बिनकेसाच्या जागेचं न्हाई सांगितलं. आन् म्हटलं, वहिनी, कुणी ह्यांच्या हातात सुरी, विळी देऊ नका हो, तुमच्या पाया पडते.

आता खरं सांगू का. मला बरं वाटलं. हे बोलायची लाज वाटतीय पण बोलते. वहिनींनी मला जवळ घेतलं, चहा दिला, सगळ्या बायका मला, शालन बाई तू कशी गं सहन करतेस, असं म्हणायला लागल्या. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, माझं कुणी एवढं विचारलं न्हवतं. मग कुणी नवीन बाई विचारायला आली की मी परत सांगायची, आन् दर वेळी थोडं वाढायचं. आधी नुसती सुरी होती, मग रक्तपण आलं. रक्त माझ्या बोटाचं होतं ताई.

आन् हे काय करत होते माहितीय का. हे धारेचं काम सुरू करणार होते. खानावळी, शिंपी, न्हावी, सगळ्यांना धार लागतीच की. मला न सांगता वैशालीला सांगून ठेवलं होतं, पुठ्ठ्यावर पाटी लिहून दे म्हणून, इथे धार लावून मिळेल. तिनं रंगीत खडूनं लिहिली होती. पहिली सुरुवात आपल्या ओळीतनं करायची, हात बसला की बाजारात जायचं, असं त्यांच्या मनात. एक दिवस सकाळी दाढी केली, म्हंजे सलूनमधे जाऊन केली, घरात पाती कुठं होती, आन् कापडी पिशवी घेऊन पहिल्या खोलीपासनं सुरुवात केली. मी नळावर भांडी घासत होते. मला सगळं ऐकू येत होतं. वहिनी, विळीला धार लावायची का. न्हाई हो भावजी, परवाच लावली. दुसऱ्या दारात, आमची चांगली चालतीय सध्या. तिसऱ्या दारात, आमचे हे घरी न्हाईत, मग सांगते. ज्या बायका वर्षानुवर्षं दारात ढीग लावायच्या त्या बायका दार अर्धं लोटून बोलत होत्या. चौथ्या का पाचव्या दाराला ह्यांनी बायकोकडं बघितलं. म्हंजे माझ्याकडं. मी पातेल्याला राख घासत राहिले. तोंड उघडून एवढं म्हणायचं होतं मला, अहो द्या, काही न्हाई, माझंच चुकलं बघण्यात. एवढंच. मग मला खोटी म्हटलं असतं सगळ्यांनी, म्हणून गप्प बसले. आठ दारं फिरून हे रिकामी पिशवी घेऊन आले, पिशवीची घडी केली, खुंटीला लावली. मला काही विचारलं न्हाई.

मग आली नवमी. दारात जत्राबित्रा काही न्हाई, आदला दिवस नुसताच गेला. नवमीला सकाळी ह्यांनी अंघोळ केली, स्वतः पाट मांडला, वैशालीनं झेंडू आणले, हळदीकुंकू काढलं. म्हणाले, आण गं हत्यारं. मी म्हटलं, बसा, आधी चहा घ्या. म्हणाले, पूजा झाल्यावर. मी इकडं तिकडं केलं. माझ्या तोंडातनं काय निघालं माहितीय का ताई, मी म्हटलं, धार लावायला दिल्यात.

कुणाला सांगतेय मी हे. म्हंजे आयुष्यभर धार लावली त्या माणसाला मी सांगतेय धार लावायला दिल्यात.

म्हणाले, कुणाकडं. मी चहाचं पातेलं उचललं. आन् वैशाली हळूच म्हणाली, बाबा, तांदळाच्या डब्यात आहेत. पोरीला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं. हे उठले, फळीवरनं डबा काढला, बाही वर करून हात आत घातला आन् एकेक काढून पाटावर ठेवली. मोठी सुरी, बारकी सुरी, अडकित्ता. पाती राहूद्यात म्हणाले, ती पुजत न्हाईत. सुऱ्यांना तांदळाचं पीठ चिकटलेलं, मोठीला गंज चढायला लागलेला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, किडे होऊ नयेत म्हणून ठेवल्यास का, त्याला बोरिक पावडर मिळती. असं आवाज न चढवता. आन् म्हणाले, विळी पण आण, तिनं काय पाप केलंय. मी पेटीमागनं विळी काढली. ह्यांनी हात पुसले, वैशालीला म्हणाले कुंकू तू लाव, आन् लांबनं नमस्कार केला.

त्या दिवसापासनं ह्यांनी धारेच्या वस्तूला हात लावला न्हाई. दुसऱ्याच दिवशी मी भिंतीला दोन खिळे मारले, सुऱ्या समोर टांगल्या, विळी ओट्याखाली आडवी, आईची असायची तशी. त्यांना दिसतील अशा, हाताशी. तरी न्हाई. लिंबू पाहिजे असलं तर लिंबू घेऊन माझ्यापाशी येतात, म्हणतात, चिरून दे. पेरू असू दे, साबणाच्या वडीचं पाकीट फोडायचं असू दे, आणून माझ्या हातात देतात. किती वर्षं झाली, वैशालीचं शिक्षण झालं, कम्प्युटरच्या कंपनीत लागली, लग्न झालं, तिकडं हडपसरच्या पुढं मांजरी गावात फ्लॅट घेतला. हे तिकडं हिंजवडीला एका मोठ्या काचेच्या इमारतीच्या गेटवर वॉचमन होते इतकी वर्षं, गळ्यात कार्ड घातलेल्या पोरापोरींना सलाम करायचे. मी तुमच्यासारख्यांच्या घरी पोळ्याभाज्या करायला लागले. सगळं झालं. पण लिंबू मीच चिरते.

वैशाली एकदा म्हणाली, आई, तू बाबांना सॉरी म्हणालीस का कधी. मी म्हटलं नवराबायकोत सॉरी म्हणतात का गं. आमच्या पिढीत न्हाई म्हणत, असं म्हटलं मी तिला. ते खोटं. मी म्हणायला घाबरत होते, कारण सॉरी म्हटलं की कशाबद्दल ते सांगावं लागतं. ह्यांना फक्त डबा ठाऊक हाय, असंच मी धरून चालले होते. ती आठ दारं का बंद झाली हे त्यांना ठाऊक हाय का न्हाई, मी कधी विचारलं न्हाई. गायकवाडवहिनी गेल्या, ओळीतली निम्मी माणसं बदलली, आता कुणाला जाऊन सांगू की मी खोटं बोलले होते.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. तुमच्या सुऱ्या बोथट झाल्यात ना, टोमॅटो चिरला जात न्हाई, तुम्ही म्हणालात नव्या मागवते. माझ्या मनात आलं, हे आता रिटायर झालेत, घरीच असतात. मी तुम्हाला न विचारता त्यातली एक, ती काळ्या मुठीची, पेपरात गुंडाळून घरी नेली. चोरी न्हाई हो, दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली, बघा तिथंच हाय. घरी जाऊन ह्यांच्या पुढ्यात ठेवली. दगड पेटीतनं शोधून काढला, तोपण बाजूला ठेवला. हे पेपर वाचत होते. चष्मा वर केला, सुरीकडं बघितलं, हात लावला न्हाई. म्हणाले, कुणाची. मी म्हटलं, त्या बाणेरच्या ताईंची, जिथं मी सकाळी जाते. पेपर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, त्यांना सांगितलंस का, कुणाच्या हातात देतीयस ते.

मला वाटलं जमीन फाटली तर बरं. म्हंजे ठाऊक होतं ह्यांना. आठही दारं ठाऊक होती. इतकी वर्षं माझ्या हातचं चिरलेलं लिंबू खाल्लं आन् बोलले न्हाईत.

मी म्हटलं, न्हाई सांगितलं. तर म्हणाले, मग आधी सांग. सगळं सांग. तुझं पण सांग. त्यानंतर त्या न्या म्हणाल्या तर आण. न्हाई म्हणाल्या तरी मला येऊन सांग, मी काही म्हणणार न्हाई. आन् परत पेपर वाचायला लागले. हात पेपरावर होता, डावा. मी बघितलं ताई, पहिल्यांदा नीट बघितलं. त्या चार बोटं जागेवर सगळे केस आलेत. पांढरे.

म्हणून सांगितलं सगळं. तुम्ही लिहून घेताय ते लिहा, माझं नाव घातलं तरी चालंल, लपवून काय करायचंय आता. पट्टी लावायची का ठोकळा आणायचा ते तुम्ही दोघं मिळून ठरवा, माझं एवढंच म्हणणं, घरातल्या सगळ्यांना दिसंल, सगळ्यांचा हात पोचंल अशा जागी असू द्या, आन् कुणापासनं लपवायची वेळ तुमच्या घरावर कधी न येवो, हा माझा आशीर्वाद समजा.

कणीक भिजलीय, पोळ्या टाकते मी आता. तुम्ही विचार करा, साहेबांना विचारा, घाई न्हाई. फक्त मी निघताना मला सांगा, न्यायच्या का न्हाई न्यायच्या. मी पेपर आणलाय गुंडाळायला, पण तो पिशवीतच हाय, तुम्ही हो म्हटल्याशिवाय काढायची न्हाई.